पहिला सा लावण्याआधी: बैठकीत न घाबरता गायचं कसं

बैठकीत मी गाणाऱ्याच्या डाव्या अंगाला पेटी घेऊन बसते. श्रोत्यांना गाणाऱ्याचा चेहरा दिसतो. मला बाजूने गळा, खांदे, मांडीवरचा हात आणि श्वास दिसतो. घाबरलेलं माणूस बोलण्यावरून ओळखू येत नाही, सूर लावायच्या क्षणी ओळखू येतं. खांदे कानांकडे चढतात, हनुवटी पुढे येते, श्वास छातीतच अडकतो, पोटापर्यंत उतरत नाही. मग जो सा लागतो तो किंचित चढा असतो आणि पुरता टिकत नाही. तोंडाला कोरड पडलेली असते. तालमीत ज्या लयीत मुखडा, म्हणजे बंदिशीची पहिली ओळ, म्हटला होता, त्याहून बरीच पुढची लय तबलजीच्या हातात पडते, आणि मग सगळी बैठक त्या लयीमागे धावत राहते.

हे सगळं शरीर आपणहून करतं. चार माणसं आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर अंगात ॲड्रेनलिन वाढतं, काळीज धडधडतं, श्वास आखूड होतो. त्यात कमीपणा काही नाही, आणि "घाबरू नकोस गं" असं कुणी पाठीवर हात ठेवून सांगितल्याने ते थांबतही नाही. मात्र त्या वेळी आपलं लक्ष कुठे आहे, हे आपल्या हातात असतं. भीती वाटते तेव्हा लक्ष सगळं स्वतःवर गोळा झालेलं असतं: मी कशी दिसते, पहिल्या रांगेतले बुवा काय म्हणतील, माझा निषाद ताईंना पटला का. ते लक्ष तिथून उचलून कामाला लावायचं. बैठकीत त्याला तीन हक्काच्या जागा आहेत: तंबोरा, ठेका (तबल्यावर फिरत राहणारे तालाचे बोल) आणि बंदिशीचे शब्द. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या तिघांकडे लक्ष कसं न्यायचं, एवढ्यासाठीच.

राग निवडताना

पहिल्या बैठकीला कोणता राग घ्यायचा, यातच निम्मी भीती ठरते. गेल्या महिन्यात शिकलेला राग घेऊ नका. जो राग रोज गळ्यातून जातो, ज्याचा आलाप स्वयंपाक करतानाही मनात चालू असतो, तोच घ्या. "यमन काय, सगळेच गातात" असं म्हणून मुलं मारवा किंवा पूरिया कल्याण निवडतात. निवडतानाच त्यांच्या डोक्यात श्रोते बसलेले असतात, राग बसलेला नसतो. यमन, भूप, बिहाग यांत आयुष्यभर गावं इतकी जागा आहे. यमनातला तीव्र मध्यम नीट लागला, पंचम टाळून गंधारावर येऊन थांबता आलं, तर ज्याला गाणं कळतं त्याला तेवढं पुरतं.

पट्टीचं, म्हणजे आपला सा कोणत्या उंचीवर धरायचा याचंही तसंच. रोज पेटीच्या काळी चारमध्ये गाता ना, मग बैठकीलाही काळी चारच सांगा. आवाज उंच आणि तेजस्वी वाटावा म्हणून ऐनवेळी अर्धा सूर चढवणारे मी पुष्कळ पाहिलेत. तार षड्जापाशी पोचेपर्यंत त्यांच्या गळ्याच्या शिरा दिसायला लागतात आणि डोळ्यांत भीती परत येते. सकाळची बैठक असेल तर आवाज जड असतो, तेव्हा आधी थोडा खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातले सूर, भरून घ्या, पण पट्टी बदलू नका.

ऐकवण्याचा रियाज

बहुतेकांचा रियाज बंद दाराआड होतो, आणि मग एकदम शंभर माणसांसमोर बसवतात. कुणासमोर तरी गाणं याचाही वेगळा रियाज लागतो. आधी घरातल्या एका माणसासमोर गा, पण ते माणूस समोर बसून ऐकत असलं पाहिजे, आतल्या खोलीतून नव्हे. मग शेजारच्या काकूंना बोलवा. मग गुरुभगिनींपैकी दोघी-तिघींना. पंधरा मिनिटं, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मध्ये न थांबता. चुकलं तर थांबून "परत घेते" म्हणायचं नाही, हा नियम घरीच लावून घ्या. रियाजात प्रत्येक चुकीला थांबायची सवय लागलेली असते, आणि तीच सवय बैठकीत सगळ्यात जास्त घात करते.

मला सगळ्यात उपयोगी वाटते ती देवळातली भजनाची जागा. दत्ताच्या देवळात गुरुवारी भजन असतं, तिथे कुणी तुमचा निषाद मोजायला आलेलं नसतं. लोक येतात, घंटा वाजवतात, प्रदक्षिणा घालतात, एखादं मूल मध्येच रडतं, प्रसाद वाटला जातो, आणि तुम्ही गात असता. एवढ्या गडबडीत सुराला धरून राहता आलं की सभागृहातली शांतता अंगावर येत नाही. शिवाय तिथलं गाणं कुणापुढे तरी ठेवलेलं असतं. आमच्या मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. मोठमोठे कलाकार तिथे सेवा म्हणून गातात-वाजवतात. सेवेला बसलेल्या माणसाचं बसणंच वेगळं असतं, हे एकदा जवळून पाहून या.

मोबाईलवर रेकॉर्ड जरूर करा, पण त्याच रात्री ऐकू नका. गाऊन उठल्या उठल्या ऐकलं की फक्त चुका ऐकू येतात. दोन दिवस जाऊ द्या, मग ऐका, आणि ऐकताना एकच गोष्ट बघा. आज फक्त लय. पुढच्या वेळी फक्त सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. आवाज कसा वाटतो हा प्रश्न त्या दिवशी बाजूला ठेवा.

ठेक्याशी ओळख

नव्या गाणाऱ्याची सगळ्यात खोल भीती सुरांची नसते, सम चुकण्याची असते. सम चुकली की सगळ्या सभेला कळतं, निदान तसं वाटतं. ही भीती घालवायचा खात्रीचा मार्ग एकच: ठेक्याचे बोल ओळखीचे करून घ्यायचे, मात्रा बोटांवर मोजायच्या नाहीत. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, एकताल घ्या. १२ मात्रा. धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना. यात तिरकिट दोनदा येतो, चौथ्या मात्रेला आणि दहाव्याला, आणि हरवलेला गाणारा नेमका इथेच फसतो. फरक त्याच्या पुढच्या बोलात आहे. पहिल्या तिरकिटनंतर तू ना येतात, तिथे डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या तबल्याचा, घुमार नसतो, ठेका पोकळ वाटतो. दुसऱ्या तिरकिटनंतर धी येतो आणि डग्गा भरून बोलतो. तो भरलेला घुमार कानावर पडला की सम दोन मात्रांवर आली. मुखडा त्याच्याही आधी उचलायचा असेल तर कत् ऐका, सातवी मात्रा, तिथून सावरायला पुरेसा वेळ असतो.

हे कानाला बसवायला तबल्याचं ॲप लावा आणि गाऊ नका. भाजी चिरत, कपडे वाळत घालत नुसतं ऐका, आणि दुसरा तिरकिट आला की मनात मुखडा उचला. मग कुणाला तरी मध्येच ठेका सुरू करायला सांगा, म्हणजे सम कुठे आहे हे तुम्हाला आधी कळणार नाही. ऐकून शोधा. काही आठवड्यांत शोधायला एक आवर्तनही लागत नाही. गुरुजी हातावर टाळी देऊन सम दाखवतात तेव्हा डोळे मिटून घ्या.

एका गुरुपौर्णिमेला मी एका मुलीला साथ करत होते. गाण्याची मध्यमा पूर्णची परीक्षा नुकतीच देऊन आलेली, बिहाग गात होती. बढत, म्हणजे रागाचा सुरासुराने विस्तार, छान चालली होती, आणि एका आलापात ती इतकी रमली की ठेका कुठे आहे ते हरवलं. मला ते तिच्या उजव्या हातात दिसलं. गुडघ्यावर अंगठा बोटांच्या पेरांवरून पळायला लागला, श्वास वर चढला. तबलजीने तिच्याकडे पाहिलं, ठेका स्वच्छ ठेवला, एकही बोल भरला नाही. मी पेटीवर तिचा गंधार धरून ठेवला, दुसरं काही वाजवलं नाही. ती गंधारावर थांबली. नुसती थांबली, सूर लांबवत. अंगठा शांत झाला. कत् गेला, धागे गेला, दुसरा तिरकिट गेला, आणि डग्ग्याच्या घुमारावर तिने मुखडा उचलला आणि समेवर अलगद बसली. समोरच्यांना तो लांबलेला गंधार फार आवडला, एका आजोबांनी हात वर करून दाद दिली. ती हरवली होती हे आम्हा तिघांशिवाय कुणाला कळलं नाही.

हे सांगायचं कारण असं की हरवल्यावर काय करायचं, ते आधी ठरलेलं असावं. रागातला एक सुरक्षित सूर ठरवून ठेवा, जिथे कितीही वेळ थांबलं तरी राग बिघडत नाही. यमन असो, बिहाग असो, गंधार धरा. बागेश्री असेल तर मध्यम. हरवलात की तिथे या, तोंड न वाकडं करता थांबा, ठेका ऐका. चूक झाल्यावर जीभ चावणं, मान हलवणं, तबलजीकडे रागाने बघणं, याने चूक श्रोत्यांना दाखवून दिली जाते. सूर चुकला तर पुढचा बरोबर लावा, एवढंच.

साथीदारांना आधी भेटा

साथीदार परके असले की भीती वाढते. कार्यक्रमाच्या आधी किमान एकदा एकत्र बसा; जमलं नाही तर मागच्या खोलीत दहा मिनिटं तरी. तबलजींना "मध्यम विलंबित ठेवा" असं सांगू नका, प्रत्येकाचं मध्यम वेगळं असतं. मुखडा म्हणून दाखवा, आणि म्हणून दाखवताना शांत बसून, तालमीतल्याच लयीत म्हणा. वयाने मोठे असतील तर "बुवा, लय जरा मागे राहू द्या, मी नवीन आहे" असं सरळ सांगा. यात कुणालाही राग येत नाही, उलट ते तुमच्या बाजूचे होतात. पेटीवाल्यांनाही सांगा: आलापात माझ्या मागून या, रिकाम्या जागा भरू नका. मला असं सांगितलं की मला बरं वाटतं, कारण गाणारीला काय हवं ते मला अंदाजाने शोधावं लागत नाही.

माईक हाही साथीदारच. ध्वनी जुळवायला वेळ दिला असेल तर तो "हॅलो हॅलो, चेक" करण्यात घालवू नका. सा लावा, खर्जाकडे जा, तार सप्तकात जा. आपल्याकडे तोंड केलेल्या मॉनिटरमध्ये तंबोरा आणि स्वतःचा आवाज मागा, पेटी कमी करायला सांगा. स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की माणूस ओरडून गातो आणि पाच मिनिटांत थकतो. माईक तोंडापासून साधारण वीतभर ठेवा. ज्या कपड्यांत गाणार, त्या कपड्यांत घरी एकदा अर्धा तास मांडी घालून गाऊन बघा. नवी कडक साडी पोटावर आवळलेली असेल तर श्वास खाली उतरत नाही, आणि मग दोष भीतीला जातो.

शेवटचा तास

पोटभर जेवून बसू नका, उपाशीही नको. ज्याची सवय आहे तेच खा. कोमट पाणी जवळ ठेवा. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळू नका, आपण गळ्यावर किती ताण देतोय हेच मग कळेनासं होतं. धडधड कमी करायच्या गोळ्या कुणी सुचवल्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. ताना पूर्ण गळ्याने घोकू नका. मंद्रात हळू आवाजात आकार लावा, ओठ मिटून गुणगुणा. श्वास नाकाने आत घ्या आणि आत घ्यायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळात सोडा. सोडताना हलका स्स असा आवाज केला तर लांबी आपोआप येते. लांब उच्छ्वासाने नाडी खरोखर मंदावते, आणि तोच श्वास पुढे गाण्यात कामाला येणार असतो.

आणि तंबोरा स्वतः जुळवा. हे मी ज्याला भेटेन त्याला सांगते. मशिनी तंबोरा सोयीचा आहे, मीही घरी लावते, पण बैठकीच्या दिवशी खरा तंबोरा असेल तर तो दुसऱ्यावर सोपवू नका. पहिली तार पंचमात, बागेश्री-मालकंस असेल तर मध्यमात, जोडीच्या दोन्ही तारा षड्जात, शेवटची खर्जात, म्हणजे खालच्या षड्जात. आधी खुंटीने जवळ आणायचं, मग मणी सरकवून नेमकं करायचं, मग जवारीचा, म्हणजे तारेखालचा, दोरा घोडीवर केसभर मागे-पुढे करत राहायचं. एका जागी तार अचानक उघडते, तिच्यातून बारीक बारीक सूर उलगडायला लागतात. जोडीच्या दोन तारा थोड्या वेगळ्या असतील तर त्यांच्यात एक लहर ऐकू येते. सूर जवळ येतील तशी ती लहर मंद होत जाते आणि जुळले की विरते. ती लहर ऐकत असताना कान दुसरं काही ऐकू शकत नाही. समोर कोण येऊन बसलं, कुणाचा फोन वाजला, काही नाही. मिरजेच्या तंबोऱ्यांचं नाव देशभर घेतात, आणि इथल्या कारागिरांकडे जवारी काढताना बघत बसलात तर ऐकणं म्हणजे काय ते कळतं. किशोरीताई आमोणकर तंबोरे जुळवायला भरपूर वेळ घेत, हे त्यांच्या मैफली ऐकलेल्यांना ठाऊक आहे. श्रोते ताटकळतील या भीतीने अर्धवट जुळलेल्या तंबोऱ्यावर गायला बसू नका. बसलात तर पुढचा सबंध वेळ तुमचा कान अस्वस्थ राहील.

पहिली पाच मिनिटं

नमस्कार झाला की लगेच तोंड उघडू नका. तंबोऱ्याची दोन-तीन आवर्तनं पूर्ण ऐका. तुम्हाला तो वेळ फार लांब वाटेल, समोरच्यांना वाटत नाही. तेही त्या सुरात शिरत असतात. मग श्वास पूर्ण सोडा, आत येईल तसा येऊ द्या आणि सा लावा, मध्यम आवाजात, आणि तो तंबोऱ्याच्या षड्जात मिसळेपर्यंत धरा. सुरुवातीचा आलाप पंचमाच्या खाली ठेवा. मंद्र निषाद, धैवत, परत सा. गळा तापेपर्यंत वर जायची घाई नको.

डोळ्यांचं म्हणाल तर सतत मिटून ठेवू नका. मिटलेल्या डोळ्यांमागे आपण पुन्हा आपल्याच विचारांत जाऊन बसतो. पहिल्या रांगेशी नजर भिडवायचीही गरज नाही. मधल्या रांगांत एखादं माणूस मनापासून ऐकत असतं, मान हलकेच डोलत असते. त्याला शोधा आणि अधूनमधून त्याच्यासाठी गा.

शब्दांचं काम बंदिश सुरू झाल्यावर सुरू होतं. बंदिशीत कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, वेळ कोणती आहे, हे घरी गुरूंना विचारून घ्या. बऱ्याच जणांना आपण गातो त्या बंदिशीचा अर्थ पुरता माहीत नसतो, ब्रज बोली म्हणून सोडून देतात. सखीला काही सांगायचं असेल तर ते सांगण्यासाठी गा. कुणाला तरी काही सांगत असताना माणूस स्वतःकडे बघत नाही.

जाणकारांची धास्ती

आपल्याकडे पहिल्या रांगेत जाणकार बसतात. मांडीवर ताल धरतात, मधूनच शेजाऱ्याच्या कानाशी लागतात. ते काय बोलले असतील या विचाराने कित्येकांचं गाणं कोसळताना मी पाहिलंय. दाद आली नाही म्हणजे गाणं पडलं असं नसतं. काही माणसं पुरती गुंतली की हलतच नाहीत. आणि खरोखर नापसंती असेल, तरी ती त्या क्षणी तुमच्या कामाची नाही. ती उद्या गुरूंशी बोलायची गोष्ट आहे.

आवाजावरून लोक काय म्हणतील याची धास्ती वाटते त्यांना मी गंगूबाई हनगल ऐकायला सांगते. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज पुरुषी, भरदार झाला. बाईच्या आवाजाकडून लोकांची जी अपेक्षा असते ती त्यात नव्हती. त्याच आवाजात त्या आयुष्यभर गायल्या, किराणा घराण्याची बढत त्याच आवाजात उभी केली. आणि कुमार गंधर्व. क्षयाने गाणं थांबलं, १९४८ मध्ये देवासला जाऊन राहिले, काही वर्षं गायलेच नाहीत. परत गायला लागले तेव्हा फुप्फुसांची ताकद पूर्वीसारखी नव्हती. लांब पल्ल्याच्या तानांच्या जागी छोटे, अचानक उसळणारे स्वरसमूह आले. परंपरेच्या चौकटीत ते बसतात का यावर खूप वाद झाले. दोघांचंही रेकॉर्डिंग लावा आणि पहिला सा कसा लावलाय तेवढंच ऐका. तिथे कुणाची परवानगी मागितलेली ऐकू येत नाही.

उठल्यानंतर

कार्यक्रम संपल्यावर दारात उभं राहून "कसं झालं?" असं विचारत फिरू नका. त्या वेळी लोक जे बोलतात ते शिष्टाचाराचं असतं, आणि आपल्या डोक्यात मात्र एखादाच शब्द रात्रभर घोळत राहतो. तबलजींना आणि पेटीवाल्यांना नमस्कार करा, तंबोरे उतरवून खोळीत घाला, पाणी प्या. दुसऱ्या दिवशी वहीत दोनच ओळी लिहा: कोणत्या जागी लक्ष तंबोऱ्यावर होतं, आणि कुठे ते सुटलं. जिथे सुटलं ती जागा पुढच्या महिन्याच्या रियाजाला घ्या, आणि पुढची बैठक कितीही लहान असली, पाच माणसांची असली, तरी तिची तारीख त्याच आठवड्यात ठरवा.